पानाआधीची फाईल

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. त्यावर कोणी अलिबागजवळच्या रेवदंड्याची माहिती शोधली, तर त्या मागणीचा प्रवास कुठून कुठे होतो? लॉग इन न करता वाचणाऱ्याला बहुतेक वेळा आधीच साठवून ठेवलेली प्रत मिळते. भारतातून आलेली मागणी साधारणपणे सिंगापूरच्या केंद्रातल्या साठ्यातूनच भागते आणि विकिपीडिया ज्या भाषेत लिहिलेला आहे त्या पीएचपीला जागेही करावे लागत नाही. पण एखाद्या सदस्याने लॉग इन करून तिथल्या सातखणी बुरुजाबद्दलचे वाक्य दुरुस्त केले आणि जतन करण्याचे बटण दाबले, की मागणी अमेरिकेत पोचते, व्हर्जिनियातल्या किंवा टेक्सासमधल्या सर्व्हरवर. तिथे पीएचपी कामाला लागते.

विकिपीडिया चालवणाऱ्या प्रणालीचे नाव मीडियाविकी. संपादन तपासणे, साठवणे, पान नव्याने घडवणे ही सगळी कामे तिची. मात्र तिची पहिली ओळ वाचली जाण्याआधी तिथे दुसरीच एक फाईल चालून जाते. ‘पीएचपी ऑटो प्रीपेंड’ असे तिचे नाव. मीडियाविकीच्या कोडमध्ये तिला कोणी बोलावलेले नाही. तिला बोलावते सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधली एक ओळ, आणि ती ओळ सांगते की कोणतेही पान मागितले तरी आधी ही फाईल चालवायची, मग पान.

एवढा आटापिटा कशासाठी? विकिपीडिया सांभाळणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या अभियंत्यांना सतत एक गोष्ट जाणून घ्यायची असते: सर्व्हरचा वेळ नेमका कोणत्या फंक्शनमध्ये खर्च होतो. त्यासाठी टिम स्टार्लिंग यांनी ‘एक्सायमर’ नावाचे एक्स्टेन्शन लिहिले. चालत्या कोडमध्ये ते अधूनमधून डोकावते आणि त्या क्षणी कोणते फंक्शन चालू आहे, त्याला कोणी बोलावले, याची नोंद घेते. अशा असंख्य नोंदी एकत्र करून ज्वाळांसारखा दिसणारा आलेख काढला जातो. त्या प्रकारच्या आलेखाची कल्पना ब्रेंडन ग्रेग यांची, २०११ सालची. आता मोजमाप जर मीडियाविकीच्याच पोटातून सुरू केले, तर ती स्वतः सुरू होताना लागलेला वेळ हिशेबातून निसटतो. मोजणारा आधी उभा असायला हवा. म्हणून ती नोंदयंत्रणा या पहिल्या फाईलमधून चालू केली जाते.

याला थोडा इतिहासही आहे. २०१४च्या सुमारास विकिपीडिया फेसबुकने बनवलेल्या एचएचव्हीएम या इंजिनावर गेला होता. त्यात ‘झेनॉन’ नावाची अशीच नोंदयंत्रणा अंगभूत होती. २०१९मध्ये विकिपीडिया पुन्हा मूळ पीएचपीवर, सातव्या आवृत्तीवर, परतला, तेव्हा झेनॉन मागे राहिले आणि त्याची जागा घ्यायला एक्सायमर तयार झाले. एवढ्या मोठ्या बदलात मीडियाविकीच्या हजारो फाईलींना या कामासाठी हात लावावा लागला नाही. ते काम आधीपासूनच पानांच्या बाहेर, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ठेवलेले होते.

पानाआधी दुसरी फाईल चालवण्याची पीएचपीची ही सोय, ‘ऑटो प्रीपेंड’, जितकी जुनी आहे तितकीच दुर्लक्षित. पीएचपी शिकवताना ती क्वचितच सांगितली जाते, आणि ज्यांना ती ठाऊक असायला हवी ते तिच्याशी पहिल्यांदा भेटतात ते साइट बंद पडल्यावर.

पीएचपीचा जन्मच मुळी पानांपुरता झाला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९४मध्ये इंटरनेटवर ठेवलेला आपला बायोडेटा किती जण पाहतात हे मोजायला काही छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि ८ जून १९९५ रोजी ते सर्वांसाठी खुले केले. त्यामागचा विचार साधा होता. एचटीएमएलचे पान लिहायचे आणि त्यात जिथे हवा तिथे थोडा कोड पेरायचा. प्रत्येक पान स्वतंत्र, प्रत्येक पान स्वतःपुरते पूर्ण. या साधेपणामुळेच पीएचपी जगभर पसरली. महागडे सर्व्हर न परवडणाऱ्या माणसालाही स्वस्त होस्टिंगवर ती मिळाली.

अडचण येते पाने वाढल्यावर. समजा, रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाडीत खोल्या भाड्याने देणाऱ्या एखाद्या कुटुंबाची साइट आहे. एक पान खोल्यांचे, एक दरपत्रकाचे, एक अलिबागहून कसे यावे याचे, एक कोर्लईच्या किल्ल्याचे, एक चौलच्या दत्तमंदिराचे. प्रत्येक पानाला डेटाबेसचा पत्ता हवा, तारखेची पद्धत हवी, भाषेची सेटिंग हवी. सुरुवातीला हा मजकूर प्रत्येक पानात चिकटवला जातो. मग कोणीतरी शहाणपणाने तो एका फाईलमध्ये काढतो आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘रिक्वायर’ची एक ओळ लिहितो. हे चांगलेच आहे. पण ती ओळही लिहिणाऱ्याच्या लक्षात राहावी लागते. तीन वर्षांनी दुसरा कोणी मे महिन्याच्या गर्दीआधी घाईघाईत एक नवे पान जोडतो आणि ओळ विसरतो. बाकी साइट ठीक चालते, ते एक पान मात्र चुकीची वेळ दाखवते किंवा चूक झाल्यावर डेटाबेसचा तपशील उघडा पाडते.

ऑटो प्रीपेंड ही विस्मरणाची जागाच काढून टाकते. रेवदंड्याची वस्ती पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आत आहे. अलिबागहून येणारा रस्ता तट ओलांडून गावात शिरतो, मग कोणाचे कोणत्याही आळीत काम असो. तसेच इथे होते. पान कोणतेही असो, जुने की आज जोडलेले, त्याकडे जाणारी वाट या एका फाईलमधून जाते.

ही ओळ लिहायच्या जागा अनेक आहेत, आणि त्यातली कोणती निवडावी हा खरा हुशारीचा भाग आहे. पहिली जागा म्हणजे पीएचपीची मुख्य सेटिंग फाईल, ‘पीएचपी डॉट आयएनआय’. तिथे लिहिले तर त्या यंत्रावरच्या एकूण एक साइटला ते लागू होते. सर्व्हर स्वतःचा असेल तरच हे शक्य आणि तरच योग्य. अपाचे सर्व्हरवर पीएचपी मॉड्यूल म्हणून चालत असेल, तर एका साइटपुरत्या किंवा एका फोल्डरपुरत्या भागात ‘पीएचपी व्हॅल्यू’ ही सूचना लिहिता येते. हीच सूचना त्या फोल्डरमधल्या ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाईलमध्येही चालते, मात्र अपाचेच्या मालकाने तशी मुभा दिलेली असावी लागते. तिची कडक बहीण ‘पीएचपी अ‍ॅडमिन व्हॅल्यू’ फक्त मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहिता येते आणि साइटवाल्याला ती बदलता येत नाही. आज बहुसंख्य ठिकाणी पीएचपी वेगळ्या प्रक्रियेत, एफपीएम नावाच्या व्यवस्थापकाखाली चालते. तिथे ही ओळ एफपीएमच्या पूलच्या फाईलमध्ये जाते, किंवा एन्जिन-एक्स सर्व्हर ती प्रत्येक मागणीसोबत कळवतो.

ज्यांच्या हाती सर्व्हर नाही, फक्त भाड्याने घेतलेले एक फोल्डर आहे, त्यांच्यासाठी जून २००९मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीने ‘डॉट युझर डॉट आयएनआय’ ही सोय आणली. मागितलेल्या पानाच्या फोल्डरपासून साइटच्या मूळ फोल्डरपर्यंत पीएचपी ही फाईल शोधत जाते. ती प्रत्येक वेळी नव्याने वाचली जात नाही. मूळ सेटिंगनुसार वाचलेले ३०० सेकंद लक्षात ठेवले जाते. पाच मिनिटांचा हा अवकाश अनेकांना घाम फोडतो. माणूस फाईल दुरुस्त करतो, पान पुन्हा उघडतो, चूक तशीच दिसते. मग तो दुसरेच काहीतरी बदलतो, तेवढ्यात पहिली दुरुस्ती लागू होते आणि नेमके कशाने जमले हे त्याला कधीच कळत नाही.

पानाच्या कोडमधून मात्र ही सेटिंग बदलता येत नाही, आणि ते तर्काला धरूनच आहे. पानाची पहिली ओळ वाचली जाईपर्यंत ती पहिली फाईल चालून गेलेली असते. पानानंतर चालणाऱ्या फाईलसाठीही अशीच ‘ऑटो अपेंड’ सेटिंग आहे, पण ती तितकी भरवशाची नाही. पानाने मध्येच ‘एक्झिट’ केले तर शेवटची फाईल चालतच नाही.

मराठी साइटसाठी या पहिल्या फाईलचे मोल विशेष आहे, आणि त्याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत.

पहिले कारण घड्याळ. होस्टिंगचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर लावलेले असतात आणि भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात सर्व्हरच्या दृष्टीने तारीख अजून कालचीच असते. २५ डिसेंबरला रात्री एक वाजता कोणी खोली राखून ठेवली, तर नोंद पडते २४ डिसेंबर, संध्याकाळी साडेसातची. नाताळच्या आठवड्यात अलिबाग-मुरुड किनाऱ्यावर एका रात्रीचा घोळ म्हणजे दारात उभे राहिलेले दुसरे कुटुंब. पीएचपीच्या ५.३ ते ५.६ या आवृत्त्या तर वेळेचा विभाग लावलेला नसेल तर इशाराच देत. सातव्या आवृत्तीपासून तो इशारा गेला आणि चूक मुकी झाली. पहिल्या फाईलमध्ये ‘एशिया/कोलकाता’ ही एक ओळ असली की प्रत्येक पानाचे घड्याळ भारतीय होते.

दुसरे कारण लिपी. ऑगस्ट २०१४मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून पीएचपीने यूटीएफ-८ ही आपली मूळ अक्षरपद्धत मानली. त्याआधीच्या सर्व्हरवर पानाने स्वतःहून सांगितले नाही, तर ब्राउझर देवनागरीऐवजी चिन्हे चढवलेल्या परक्या लॅटिन अक्षरांचा गुंता दाखवू शकत असे. आणि दाखवणे जमले तरी मोजणे राहतेच. ‘रेवदंडा’ या शब्दात मराठी माणसाला चार अक्षरे दिसतात: रे, व, दं, डा. युनिकोडच्या हिशेबाने ती सात चिन्हे आहेत, कारण मात्रा, अनुस्वार आणि काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन उत्तर देते २१. शीर्षक पन्नास बाइटांवर कापणारा, इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला कोड मराठी शब्दाच्या मधोमध, अगदी एका चिन्हाच्याही मधोमध, सुरी चालवतो आणि शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उरते. देवनागरी जाणणारी दोन-चार फंक्शने एकदा लिहून पहिल्या फाईलमध्ये ठेवली, की साइटचे प्रत्येक पान मराठीला मराठीसारखे वागवू शकते. हे काम कोणी परक्या देशातला करून देणार नाही. ते मराठी लिहिणाऱ्यांनीच करायला हवे.

पीएचपीने एकदा हे काम सेटिंगवर सोपवूनही पाहिले. ‘फंक ओव्हरलोड’ या सेटिंगने साध्या फंक्शनांच्या जागी गुपचूप बहुबाइटी फंक्शने बसत. कोडमध्ये तेच नाव, काम वेगळे. बाइटच मोजायला हवेत अशा ठिकाणी, उदाहरणार्थ चित्राची फाईल वाचताना, त्यामुळे गडबड होई. ७.२मध्ये ती सोय नापसंत ठरली आणि ८.०मध्ये काढून टाकली गेली. नवे फंक्शन नव्या नावाने देणे आणि जुन्या नावाचा अर्थ बाहेरून फिरवणे यात फरक आहे, आणि पहिली फाईल लिहिणाऱ्याने तो कटाक्षाने पाळावा.

लिपीतूनच या फाईलचे सर्वांत चिवट दुखणे येते. देवनागरी मजकूर असलेली फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून जतन केली, की पूर्वी नोटपॅड तिच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट जोडत असे; ही यूटीएफ-८ची खूण. विंडोज १०च्या २०१९मधल्या आवृत्तीपासून नोटपॅडने ही सवय सोडली, पण त्याआधीच्या फाईली आजही हजारो साइटवर आहेत. पीएचपीसाठी कोड सुरू होण्याआधीचे सगळे म्हणजे पानाचा मजकूर. ते तीन बाइट लगेच ब्राउझरकडे रवाना होतात. त्यानंतर लॉग इनची कुकी लावायला गेले की पीएचपी तक्रार करते: हेडर आधीच गेले आहेत. एखाद्या पानात असे झाले तर एक पान बिघडते. पहिल्या फाईलमध्ये झाले तर प्रत्येक पान बिघडते, आणि पीएचपीतून दिली जाणारी चित्रे व पीडीएफसुद्धा, कारण त्यांच्याही आधी हे तीन बाइट घुसतात. शिकणाऱ्याच्या संगणकावर ही चूक दिसत नाही हे आणखी वाईट. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंगमध्ये मजकूर ४,०९६ बाइटांपर्यंत साठवून मग पाठवला जातो, त्यामुळे तिथे हेडरला उशीर होत नाही. होस्टिंगवर तो साठा बंद असला की घरी चालणारी साइट तिथे कोसळते.

आता त्या बंद पडलेल्या साइटकडे वळू. स्वस्त होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर साइट हलवणे ही छोट्या व्यावसायिकाच्या आयुष्यात अधूनमधून येणारी गोष्ट. सगळ्या फाईली जशाच्या तशा नेल्या जातात, पण फोल्डरचा पूर्ण पत्ता नव्या यंत्रावर वेगळा असतो. पहिली फाईल ‘रिक्वायर’च्या नियमाने बोलावली जाते, म्हणजे ती सापडली नाही तर पुढे काहीच चालत नाही. पडद्यावर उमटणारा संदेश विलक्षण असतो: अमुक फाईल उघडता आली नाही, ठिकाण अज्ञात, ओळ शून्य. चूक कोणत्याही पानात नसल्यामुळे पीएचपीकडे सांगायला पान नसते. माणूस आपल्या सगळ्या पानांत ती ओळ शोधत बसतो. ती असते डॉट युझर डॉट आयएनआयमध्ये. फाईलच्या नावाची सुरुवात टिंबाने होत असल्यामुळे अनेक फाईल मॅनेजर ती दाखवतही नाहीत.

वर्डप्रेसच्या जगात हा प्रसंग पुष्कळांनी पाहिला आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांचे वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी आले, मराठी विकिपीडियाच्याच महिन्यात. त्यासाठीचे वर्डफेन्स हे सुरक्षा प्लगइन आपली भिंत वर्डप्रेसच्याही आधी उभी करण्यासाठी ऑटो प्रीपेंडचाच आधार घेते, आणि ते योग्यच आहे. चोराला अडवायचे तर तो माजघरात शिरण्याआधी. पण प्लगइन काढताना किंवा साइट हलवताना ती सेटिंगची ओळ मागे राहिली, तर नसलेल्या फाईलची वाट पाहत साइट थांबून राहते. असाच दुसरा धक्का अपाचेवाल्यांना बसतो. जुना होस्ट पीएचपी मॉड्यूल म्हणून चालवत होता, नवा एफपीएम वापरतो. अपाचेला आता ‘पीएचपी व्हॅल्यू’ हा शब्दच ओळखीचा नाही. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये तो दिसताच सर्व्हर ५०० क्रमांकाची चूक देऊन मोकळा होतो. मॉड्यूल असेल तरच ओळ वाच, अशी अट आधी घातली की हे टळते. मात्र मग नव्या जागी पहिली फाईल चालतच नाही, आणि साइट उघडते तरी घड्याळ पुन्हा साडेपाच तास मागे जाते. म्हणून ओळीसोबत तिची नवी जागाही ठरवावी लागते.

जुन्या कोडला जगवण्याचे कामही या फाईलने खूप केले. पीएचपीने आपल्या जुन्या खोडी एकेक करून सोडल्या. बाहेरून आलेल्या माहितीचे आपोआप व्हेरिएबल करणारी ‘रजिस्टर ग्लोबल्स’ सेटिंग २००२मध्ये ४.२ आवृत्तीपासून मुळात बंद झाली आणि मार्च २०१२च्या ५.४मध्ये पूर्ण गेली. अवतरणचिन्हांपुढे आपोआप तिरपी रेघ घालणारे ‘मॅजिक कोट्स’ही त्याच वेळी गेले. डिसेंबर २०१५च्या ७.० आवृत्तीने ‘मायएस्क्यूएल’ची जुनी फंक्शने काढली. प्रत्येक वेळी, ज्यांचा मूळ प्रोग्रॅमर केव्हाच निघून गेला होता अशा साइटना एक उपाय होता: गेलेली फंक्शने स्वतः लिहून ती पहिल्या फाईलमधून पुरवायची. पतसंस्था, शाळा, छोटी नियतकालिके यांच्यासारख्यांना नवी साइट बांधायला पैसे जमेपर्यंत या उपायाने श्वास मिळतो. हा उपाय तात्पुरता म्हणून मोलाचा आहे. रजिस्टर ग्लोबल्ससारखी गोष्ट मात्र अशी परत आणू नये. ती धोकादायक होती म्हणूनच गेली.

धोक्याचा विषय निघालाच आहे, तर या सेटिंगचा सर्वांत गंभीर भाग इथेच आहे. प्रत्येक पानाआधी काय चालावे हे ज्याला ठरवता येते, त्याच्या हाती अख्खी साइट असते. हे मालकाला खरे, तसेच चोरालाही.

२०१२च्या सुरुवातीला ‘आइंडबाझन’ हा नेदरलँड्सचा गट ‘हॅकिम’ नावाची ऑनलाइन स्पर्धा खेळत होता. ही स्पर्धा गोव्यात भरणाऱ्या नलकॉन या सुरक्षा परिषदेची. खेळता खेळता त्यांच्या हाती असे काही लागले जे स्पर्धेचा भाग नव्हते. पीएचपीतलाच दोष होता तो. पीएचपी सीजीआय या जुन्या पद्धतीने चालवली असेल, तर पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा मजकूर काही वेळा थेट पीएचपीला आज्ञा म्हणून मिळत असे. २००४पासून हा दोष तिथे पडून होता. त्याचा सर्वांत परिणामकारक वापर कसा होतो हे लवकरच स्पष्ट झाले. पत्त्यातूनच सेटिंग बदलायची, ऑटो प्रीपेंड फाईल म्हणून मागणीसोबत पाठवलेला मजकूरच नेमायचा, आणि त्या मजकुरात हवा तो कोड लिहायचा. सर्व्हर तो विश्वासाने चालवतो. ३ मे २०१२ला पीएचपीने घाईने दुरुस्ती काढली, ती अपुरी ठरली, आणि पाच दिवसांत दुसरी काढावी लागली.

बारा वर्षांनी तोच दोष मागच्या दाराने परतला. तैवानच्या डेव्हकोर कंपनीतले संशोधक ऑरेंज त्साई यांना दिसले की विंडोज काही भाषांच्या सेटिंगमध्ये, म्हणजे चिनी आणि जपानीमध्ये, अनोळखी चिन्हाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे चिन्ह घेते. २०१२ची दुरुस्ती पत्त्यात आडवी रेघ आहे का ते पाहत असे. हल्लेखोर साध्या रेघेऐवजी दुसरी, सहसा न दिसणारी रेघ पाठवतो, तपासणी तिला जाऊ देते, आणि विंडोज तिची साधी रेघ करून पीएचपीला देते. पुढची चाल जुनीच: ऑटो प्रीपेंड. ६ जून २०२४ रोजी दुरुस्त आवृत्त्या आल्या, आणि दोन दिवसांत खंडणीखोर टोळीने हल्ले सुरूही केले. आपल्याकडच्या कॉलेजांत पीएचपी शिकताना सर्रास वापरले जाणारे झॅम्प हे पॅकेज विंडोजवर मूळ मांडणीतच या दोषाला उघडे होते. ते शिकण्यासाठी आहे. त्यावर इंटरनेटवरची खरी साइट चालवू नये, हे त्याचे निर्मातेही सांगत आले आहेत.

या दोन घटनांच्या मध्ये, २०२३ साली, जुनिपर कंपनीच्या फायरवॉल यंत्रांचा प्रकार उघड झाला. संरक्षणासाठीच बसवलेल्या त्या यंत्रांच्या व्यवस्थापनाच्या पानामागे पीएचपी होती. पीएचपीने आपली सेटिंग फाईल कुठे शोधायची हे बाहेरून सांगता येत होते. हल्लेखोर उत्तर देई, मी पाठवलेल्या मजकुरातच शोध. आणि त्या मजकुरात असे ऑटो प्रीपेंडची एक ओळ. यंत्रावर एकही नवी फाईल न ठेवता कोड चालत असे.

तीन घटना, तीन वेगळे दोष, आणि शेवटचे पाऊल मात्र तिन्हींत तेच. म्हणून साइटवर घुसखोरी झाल्याचा संशय आला की अनुभवी माणूस पाने तपासण्याआधी डॉट एचटीअ‍ॅक्सेस आणि डॉट युझर डॉट आयएनआय उघडतो. वर्डप्रेस पूर्ण पुसून नवे बसवले तरी घाण परत येते, अशा तक्रारींत पुष्कळदा या दोन फाईलींमधली एक ओळ जागची हललेली नसते.

सामायिक कोड आपोआप आणण्याचे दुसरे मार्गही आता आहेत आणि नव्या साइटसाठी ते अधिक चांगले आहेत. २०१२मध्ये निल्स अ‍ॅडरमान आणि जॉर्डी बोगियानो यांनी आणलेल्या कम्पोझरमुळे क्लास लागेल तेव्हाच त्याची फाईल उघडते. वर्डप्रेसमध्ये ‘मस्ट युज’ प्लगइनचे फोल्डर आहे. त्यातली फाईल कोणी चालू न करताच चालते. सगळ्या मागण्या एकाच पानातून आत घेण्याची पद्धत तर आता सर्वमान्य आहे, आणि ती वापरली की ऑटो प्रीपेंडची गरज बरीच कमी होते. उरते ते ज्यासाठी कोडच्या बाहेर उभे राहावे लागते असे काम: मोजणे, अडवणे, आणि जुन्याला आधार देणे. विकिमीडियाने ती फाईल नेमकी अशाच कामासाठी ठेवली, आणि त्यांच्या सेटिंगच्या फाईली सार्वजनिक भांडारात असल्यामुळे ती कोणालाही उघडून वाचता येते. पानात न दिसणारी गोष्ट कुठेतरी स्वच्छ लिहिलेली असणे, हीच या सोयीची अट आहे. छोट्या साइटलाही ती पाळता येते. पहिली फाईल पन्नास ओळींच्या आत ठेवावी, तिने पडद्यावर काहीही लिहू नये, तिचा पूर्ण पत्ता द्यावा, आणि ती कोणत्या सेटिंगमधून बोलावली जाते हे साइटच्या माहितीच्या कागदावर नोंदवावे. होस्टिंगचा पासवर्ड ज्या वहीत असतो तीच वही चालेल.

आणि तपासायचे कसे? पीएचपीची ‘इन्फो’ ही आज्ञा ब्राउझरमध्ये चालवली की ऑटो प्रीपेंडपुढे दोन रकाने दिसतात. एक सर्व्हरची मूळ सेटिंग दाखवतो, दुसरा या फोल्डरला प्रत्यक्ष लागू असलेली. दोहोंत फरक असेल तर मधल्या एखाद्या फाईलने ती बदललेली आहे. हे पान तपासणी होताच पुसावे, कारण ते सर्व्हरची बरीच माहिती उघड करते. ही तपासणी कमांड लाइनवर करून भागत नाही. तिथली पीएचपी अनेकदा वेगळी सेटिंग फाईल वाचते आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेस किंवा डॉट युझर डॉट आयएनआयकडे पाहतही नाही. रात्री ‘क्रॉन’मधून ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचेही तसेच. साइटवरचे प्रत्येक पान भारतीय वेळ दाखवत असते, आणि उद्या येणाऱ्या पाहुण्यांची यादी पाठवणारा रात्री एकचा प्रोग्रॅम मात्र जागतिक वेळेवर, म्हणजे कालच्या तारखेवर, चालत राहतो. त्याच्या डोक्यावर ‘रिक्वायर’ची ती ओळ हाताने लिहावीच लागते.